लाइट गेली आणि हत्ती थांबला

सोलापूरच्या पूर्व भागातली एक बालवाडी. सकाळचे साडेदहा वाजलेले. पत्र्याची खोली, खाली दोन सतरंज्या, त्यांवर तेवीस मुलं आणि समोरच्या भिंतीवर त्रेचाळीस इंची स्मार्ट टीव्ही. शेजारच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट इथे इतकी रोजची, की ती कुणाच्या कानावर पडतच नाही. टीव्हीवर हत्तीचं गाणं चालू होतं. हत्ती निघाला तळ्यावर, झूल त्याची पाठीवर. तेवीस उजवे हात नाकापाशी, तेवीस सोंडा डुलतायत, आणि आवाज असा की पत्रा दणाणावा. दुसऱ्या कडव्याच्या मधोमध लाइट गेली. टीव्ही काळा झाला, पंखा कुरकुरत थांबला, शेजारचे माग एका दमात गप्प झाले. आणि मुलंही गप्प झाली. 'पाण्यात' हा शब्द 'पा'वरच राहिला. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत जवळजवळ रोज म्हटलेलं गाणं, पण पुढची ओळ एकाही तोंडातून आली नाही. बाई म्हणाल्या, "लाइट आली की लावू हं पुढचं." मग सगळी मुलं काळ्या पडद्याकडे बघत बसून राहिली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीचा हात सोंडेसारखा तसाच वर होता. तिने तो बराच वेळ खाली घेतला नाही.

ते गाणं त्यांना येत होतं की नव्हतं?

हा प्रश्न मनातून जात नाही, कारण दोन्ही उत्तरं खरी वाटतात. टीव्ही चालू असताना कुणी तपासणीला आलं असतं, तर 'सर्व मुलांना गाणं कृतीसह येतं' असा शेरा मिळाला असता, आणि तो खोटा नसता. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला गाणं येतं म्हणजे काय, हे समजायचं तर बाई टीव्हीशिवाय गाणं घेतात तेव्हा शेजारी बसून बघावं. बाई 'तळ्याऽऽ' म्हणून थांबतात. हे थांबणं मोजून दोन ठोक्यांचं असतं, कधी तीन. त्या मोकळ्या जागेत मूल 'वर' टाकतं. कुणी आधी टाकतं, कुणी उशिरा, एखादं फक्त ओठ हलवतं. जे फक्त ओठ हलवतंय त्याच्याकडे बाईंची नजर जाते आणि पुढच्या ओळीला त्या जरा जास्त थांबतात. गाणं शिकवण्याचं सगळं काम या थांबण्यात आहे. व्हिडिओ थांबत नाही. ॲनिमेशनवाल्या बहुतेक गाण्यांची चाल मोठ्यांच्या कानाला गोड लागेल अशी पळती असते, आणि तीन वर्षांच्या जिभेला जोडाक्षर उच्चारायला लागणारा वेळ तिच्यात धरलेलाच नसतो. मग मूल शब्दांच्या मागे न धावता चालीवर तरंगतं. ओळीचा शेवटचा तुकडा पकडतं, मधलं 'अं अं' करून सोडून देतं. पडदा पुढची ओळ देत राहतो तोवर हे तरंगणं गाण्यासारखंच ऐकू येतं. पडदा विझला की कळतं की ओळी पडद्याच्या ताब्यात होत्या, मुलांकडे फक्त ओळींची शेपटं होती.

यावर निम्मा उपाय टीव्हीतच आहे. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये वेग ०.७५ करता येतो. त्याने आवाज घोगरा होत नाही, फक्त चाल संथ होते, आणि मुलांच्या तोंडात मधले शब्द यायला लागतात. दुसरी अडचण ब्लूटूथ स्पीकरची. टीव्हीचा आवाज बारीक म्हणून बाई बाहेरचा स्पीकर जोडतात. ब्लूटूथमधून आवाज पोचायला सेकंदाचा एखादा-दुसरा दशांश उशीर होतो. पडद्यावरचा हत्ती पाय आपटतो आणि 'धप्प' जरा मागून येतं. मोठे तिकडे फारसं लक्ष देत नाहीत. पण ज्या मुलांना अजून टाळी आणि ठेका जुळवायचा आहे, त्यांनी डोळ्यांच्या मागे जायचं की कानांच्या? टाळ्यांचा गोंधळ होतो आणि बाईंना वाटतं की या वर्षीची बॅच तालाला कच्ची आहे. स्पीकर साध्या वायरने जोडला की ही कच्ची बॅच दोन दिवसांत पक्की होते. आवाज किती ठेवायचा याचं मापही सोपं आहे. मागच्या भिंतीशी उभं राहून बाईंनी नेहमीच्या आवाजात एखाद्या मुलाला नावाने हाक मारावी. त्या मुलाने मान वळवली तर आवाज ठीक, नाही वळवली तर टीव्ही जास्त मोठा आहे.

टीव्ही लावण्याची जागाही अशीच. बहुतेक ठिकाणी तो सहा फुटांवर ठोकलेला असतो, कारण खाली लावला तर मुलं हात लावतील, काच फोडतील ही धास्ती. धास्ती खोटी नाही. टीव्ही देणगीतून आलेला असतो आणि पुन्हा कुणी देईल याची खात्री नसते. पण सतरंजीवर बसलेल्या चार वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर असतात. पहिली रांग माना मोडून वर बघते, दहा मिनिटांत चुळबुळ सुरू होते आणि आपण म्हणतो की मुलांचं लक्ष टिकत नाही. पडद्याचा मध्य अडीच-तीन फुटांवर, पहिली रांग त्याच्यापासून निदान पाच-सहा फूट मागे, आणि मध्ये एखादं बुटकं बाक आडवं टाकलं की हातही पोचत नाही आणि मानही अवघडत नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर टीव्ही लावू नये. सोलापूरचं ऊन सकाळी नऊलाच असं येतं की पडद्यात हत्तीऐवजी खिडकीचे गज दिसतात. खिडकीच्या शेजारच्या, काटकोनातल्या भिंतीवर लावावा. या गोष्टी टीव्ही बसवायला येणारा माणूस सांगत नाही. तो स्टूलवर चढतो, प्लग जवळ कुठे आहे ते बघतो आणि तिथे चार स्क्रू मारून निघून जातो.

आणि ऑटोप्ले. बालवाडीत यूट्यूब लावायचं तर आधी ते बटण बंद करायचं. नाहीतर हत्ती संपला की आपोआप दुसरं काही सुरू होतं, त्याच्यामागे तिसरं. बाई एखाद्या मुलाला लघवीला घेऊन गेल्या आणि पाच मिनिटांनी आल्या, तर पडद्यावर भलतीच भाषा आणि भलतंच भूत. जाहिराती तर कडव्याच्या मधेही येतात. मुलं ती जाहिरातही तितक्याच मन लावून बघतात, सोंड तशीच नाकाला लावून. म्हणून ज्या बाईंना हे चटके बसलेत त्या इंटरनेटच्या वाटेलाच जात नाहीत. लागतील तेवढी पाच-सहा गाणी पेन ड्राइव्हवर, नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालून, म्हणजे टीव्ही त्याच क्रमाने दाखवतो. पेन ड्राइव्ह एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, नाहीतर बरेच टीव्ही तो ओळखतच नाहीत. ऐन वर्गात 'यूएसबी सापडत नाही' अशी पाटी झळकते आणि तेवीस मुलांसमोर रिमोटशी झटापट सुरू होते.

सगळ्यात चांगला व्हिडिओ मात्र बाईंनी स्वतः केलेला. फोन आडवा धरायचा, खिडकीकडे तोंड करून बसायचं म्हणजे उजेड चेहऱ्यावर येतो, पंखा बंद करायचा, कारण त्याची घरघर माइकला माणसाच्या आवाजापेक्षा जास्त आवडते. आणि गाताना ओळीच्या शेवटी मनातल्या मनात चार आकडे मोजून रिकामी जागा सोडायची. ती रिकामी जागा मुलांची. तीन मिनिटांचं असं चित्रण जेमतेम तीनेकशे एमबी होतं, टीव्हीवर झकास दिसतं, आणि 'टीव्हीत आपल्या बाई!' या आनंदाला तर तोड नाही. एवढं करूनही ते दुसरं माध्यमच. खऱ्या बाई समोर असताना त्यांना पडद्यात बघायचं कशाला, हा प्रश्न मुलांनी विचारला नाही तरी आपण विचारायला हवा.

लहान मुलं पडद्यावरून कमी आणि माणसाकडून जास्त शिकतात, हे आज्यांना माहीत होतंच. २००३ मध्ये अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने ते मोजून दाखवलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा बारा बैठकांत ऐकवली. काहींना समोर बसलेल्या माणसाकडून आणि काहींना पडद्यावरून किंवा नुसत्या ध्वनिमुद्रणातून, तीच भाषा, तीच सामग्री. समोर माणूस होता ती बाळं चिनीतले वेगळे आवाज ओळखायला शिकली. पडद्यावाली शिकली नाहीत. बालवाडीतली मुलं बाळं नाहीत, अडीच-तीन वर्षांनंतर ही दरी कमी होत जाते. पण सोलापूरच्या पूर्व भागात या गोष्टीला वेगळं वजन आहे. इथल्या निम्म्याहून जास्त घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड, काहींत दखनी. मराठी ही मुलाच्या कानावर नीट, सावकाश, त्याच्यासाठी म्हणून पडते ती बालवाडीतच. तिथे ती बाईंच्या ओठांवरून पडण्याऐवजी पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत तयार झालेल्या हत्तीच्या तोंडून पडली, तर मूल चाल उचलतं आणि भाषा मागे राहते. त्या दिवशी 'पा'वर अडकलेल्या मुलांपैकी कितींना 'पाण्यात' म्हणजे 'नीळ्ळल्लो' हे ठाऊक होतं?

पडदा आणि लहान मुलं हे कोडं आपल्या भागाला तसं जुनंच आहे. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून दूरदर्शन दाखवण्याचा जो वर्षभराचा प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतली २,४०० गावं होती, आणि आपल्या सीमेला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे त्यात होते. गावच्या सामाईक संचावर सकाळी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी कार्यक्रम लागायचे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी कागदावर आला. शब्द त्याच्याही आधीचा, बालशिक्षण रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांचा. बोर्डीला मुलं बालवाडीत येईनात म्हणून ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, आणि मॉन्टेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे पुढे ठेवले. साधन हाताला लागेल असं, परिसरातलं, आणि हरवलं तर उद्या पुन्हा वेचून आणता येईल असं असावं. टीव्ही यातल्या कुठल्याच अटीत बसत नाही. तरी ताराबाई आज असत्या तर त्यांनी टीव्ही नाकारला असता असं म्हणवत नाही. त्यांनी तो वस्तीत नेला असता, आणि आधी मुलं त्याच्याकडे कशी बघतात ते वहीत टिपलं असतं.

एवढं बोलून झाल्यावर बाईंची बाजू मांडली नाही तर तो अन्याय होईल. तेवीस मुलं, मदतनीस रजेवर, एकाने चड्डी खराब केलेली, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. म्हणजे ते मूल धुवायचं तर पिंपातलं पाणी तांब्या तांब्याने जपून वापरायचं. ही दहा मिनिटं उरलेल्या बावीस मुलांचं काय करायचं? हत्ती लावायचा. एप्रिलात पारा चाळिशीच्या वर गेला की पत्र्याखाली बाईंचा आवाज अकरापर्यंत बसतो. आवाज हेच हत्यार असलेल्या माणसाचा आवाज बसणं म्हणजे काय ते विणकराच्या हाताला विचारावं. त्या वेळी टीव्ही बाईंच्या घशाला सावली देतो. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी एक एप्रिल त्या पत्र्याखाली काढावा.

अंगणवाडी सेविकांचं तर आणखी वेगळं. त्यांच्या हातातला फोन मुलांसाठी नाहीच. १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप आलं आणि हजेरी, वजन, उंची, आहार सगळं त्यात गेलं. त्याच वर्षी राज्यभरच्या सेविकांनी सरकारी फोन परत केले. ते फोन तापत होते, अडकत होते, मेमरी भरत होती, आणि ॲपची भाषा इंग्रजी. आता घरी नेण्याच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा जुळवावा लागतो. कडेवर रडणारं मूल घेऊन उन्हात उभ्या असलेल्या आईला 'डोळे मिटा, उघडा' सांगायचं, नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्यात मुलांना फोन कसा दिसतो? बाई ज्याच्याकडे बघताना आपल्याकडे बघत नाहीत, अशी वस्तू. बाहुल्यांच्या कोपऱ्यात एक मूल काडेपेटी हातात धरून, कपाळाला आठ्या घालून, अंगठ्याने तिच्यावर टकटक करत असतं. ते घर-घर खेळत नसतं, ते 'अंगणवाडी-अंगणवाडी' खेळत असतं.

खासगी बालवाड्यांत हाच फोन पालकांच्या ग्रुपसाठी असतो. रोज दुपारी बारापर्यंत फोटो गेले पाहिजेत, नाहीतर 'आज काय घेतलं मॅडम?' सुरू. मग रंगकामाची वीस मिनिटं फोटोकामाची होतात. मूल बोटाने निळा रंग कागदभर पसरवत असतं, तेवढ्यात "इकडे बघ, हस" येतं. मूल हसतं, आणि परत कागदाकडे वळतं तेव्हा ते जे करत होतं ते निसटून गेलेलं असतं. ज्या बाई हे ओळखून आहेत त्या मुलाचा चेहरा घेतच नाहीत. हाताचा घेतात, मागून घेतात, कागदाचा घेतात, आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी, प्रत्येक आईला तिच्याच मुलाचे दोन फोटो आणि एक ओळ पाठवतात. 'आज त्याने कात्री पहिल्यांदा सरळ रेषेत चालवली.' ग्रुपवर तीस मुलांचे चेहरे टाकण्यापेक्षा हे सुरक्षित, आणि आईला कात्रीची ती ओळ फोटोपेक्षा जास्त दिवस आठवते. टीव्हीला फोन जोडण्याआधी त्याची नोटिफिकेशन्स बंद करायची, हेही अशाच कुणीतरी शिकवलेलं. नाहीतर वर्गासमोर चाळीस इंची पडद्यावर कुणाचा तरी घरगुती मेसेज उतरतो.

पण याच फोनची एक जागा अशी पाहिली की तिथे त्याच्यासारखं साधन दुसरं नाही. जूनचा पहिला आठवडा, रडण्याचा आठवडा. एक तेलुगू बोलणारा मुलगा सलग तीन दिवस दाराला धरून उभा होता. घरी त्याला सांभाळते ती अव्वा, म्हणजे आजी, आणि ती विड्या वळते. सकाळी मांडीवर सूप घेऊन बसली की हजार विड्या होईपर्यंत तिला उठता येत नाही, त्यामुळे बालवाडीत येऊन बसणं शक्य नाही. बाईंनी तिच्याकडे जाऊन फोनवर तिचा आवाज घेतला. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरपा, म्हणजे श्वासाचा फुत्कार माइकवर येत नाही. दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. अव्वाने कावळ्या-चिमणीचं काहीतरी तेलुगूत सांगितलं. बोलताना तिचे हात थांबले नाहीत, म्हणून मागे तेंदूपान कापणाऱ्या कात्रीचा 'कच्, कच्' असा आवाज येत राहिला. बाईंना वाटलं की हा आवाज नको होता, पुन्हा घ्यावं. पुन्हा नाही घेतलं हे बरं झालं. व्हॉट्सॲपवरचा आवाज ऐकताना फोन कानाला लावला की तो मोठ्या स्पीकरमधून न येता आपोआप कानाशीच बारीक येतो. दाराला धरलेल्या त्या मुलाच्या कानाला बाईंनी फोन लावला. वर्गात कुणालाही काही ऐकू आलं नाही. मुलाचं रडणं लगेच थांबलं असं नाही, हुंदके चालूच होते. पण त्याने दाराचा हात सोडून फोन धरला, आणि कात्रीच्या प्रत्येक 'कच्'ला त्याची पापणी हलत होती. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून बोट दाखवून फोन मागितला. आठवड्याने विसरला. पुढे बाईंनी तीच गोष्ट सगळ्यांना मोठ्या आवाजात ऐकवली आणि त्यालाच मध्ये मध्ये विचारलं, "काकी म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "कावळा." त्या वर्गात त्याचा हा पहिला मराठी शब्द.

इथे यंत्र बोलत नव्हतं, ते ऐकून ठेवत होतं. मला वाटतं बालवाडीतल्या यंत्राचं खरं काम तिथेच कुठेतरी आहे. कान म्हणून, आणि डोळा म्हणून. एका बाईंनी दोन सारख्या उंचीचे स्टीलचे डबे ठेवले, त्यांवर दोन लाकडी पट्ट्या आडव्या, मध्ये फट, फटीवर फोन उताणा, मागचा कॅमेरा खाली बघणारा. फोन टीव्हीला जोडला. खाली घरातली जुनी सोलापुरी चादर, आणि कॅमेऱ्यासमोर साधं काचेचं भिंग. टीव्हीभर धागेच धागे. लाल वर, पांढरा खाली. मग चादर उलटी केली. पांढरा वर, लाल खाली. मुलं उठून चादरीकडे धावली, पडद्याकडे नाही. नखाने धागा उचलू लागली. पडद्याने त्यांना वस्तूकडे ढकललं, ही त्याची सर्वांत मोठी कामगिरी. एकाचे वडील नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर, म्हणून त्यांनी टाकून दिलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ दुसऱ्या दिवशी आली. या कार्डात जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते आणि तिचा धागा वर उचलला जातो, जिथे भोक नाही तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेर. आजच्या संगणकाचं 'आहे-नाही' ते हेच, १८०४ पासूनचं. मुलांना एवढं सांगायचं नसतं. बाईंनी चौकटीच्या कागदावर काळे-पांढरे ठिपके काढले आणि काळ्याला लाल मणी, पांढऱ्याला पांढरा मणी असं ओवायला दिलं. पाच वर्षांच्या मुलींनी सात मण्यांची ओळ बरोबर ओवली. तीन वर्षांच्यांनी मणी तोंडात घातले, म्हणून ते काम मोठ्या गटापुरतंच ठेवावं आणि मणी बोराएवढे तरी असावेत.

मोड आलेल्या मटकीचंही असंच. हळू वाढ भरभर दाखवणारा टाइमलॅप्स व्हिडिओ करायला रात्रभर फोन लावून ठेवायची गरज नाही. बॅटरी जाते, मेमरी भरते, आणि सकाळी फोन तापलेला. त्यापेक्षा फरशीवर रंगीत चिकटपट्टीने वाटीची आणि फोनची जागा आखायची, आणि रोज प्रार्थनेनंतर एक फोटो. सोलापूरच्या उन्हाळ्यात फडकं तीन तासांत सुकतं, त्यामुळे पाणी शिंपडण्याची पाळी मुलांना द्यायची. पाचव्या दिवशी ते फोटो बोटाने भरभर सरकवले की मटकी उठून उभी राहते. मग तेच पाच फोटो छापून आणायचे, विस्कटायचे आणि क्रमाने लावायला द्यायचे. कागदावर आलं की ते पुन्हा मुलांच्या हातात येतं. केंद्र सरकारने २०२३ मध्ये या वयासाठी जो 'जादुई पिटारा' काढला, त्यातही खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डंच आहेत. ॲप नंतर आलं. आणि २०२० मध्ये ऑनलाइन शाळांच्या 'प्रज्ञाता' सूचना निघाल्या तेव्हा पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला तीस मिनिटांच्या वर नको, आणि तीही पालकांशी बोलण्यासाठी, असं लिहिलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांसाठी बसून पडदा बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली, आणि कमी तेवढं बरं असंही जोडलं. घरी तो तास जेवताना संपलेला असतो, हे प्रत्येक बाईंना माहीत आहे. बालवाडीचा वाटा त्यातून किती उरतो?

त्या हत्तीच्या बाईंनी नंतर काय केलं ते सांगायचं राहिलं. त्यांनी टीव्ही काढला नाही. क्रम बदलला. नवं गाणं पहिले चार दिवस नुसतं तोंडी, 'तळ्याऽऽ' म्हणून थांबून. पाचव्या दिवशी चिखलाचा हत्ती, चिखल कमी पडला म्हणून कणकेचा. सहाव्या दिवशी बादलीभर पाणी अंगणात ठेवून कापडाची सोंड बुडवणं, आणि 'नीळ्ळु' कुणाच्या घरात म्हणतात, 'नीरु' कुणाच्या घरात, याची गणती. मग सातव्या दिवशी टीव्ही, पण आवाज बंद करून. चित्र टीव्हीचं, गाणं मुलांचं. पहिल्यांदा केलं तेव्हा दोन-तीन मुलांनी "बाई, आवाज गेला, आवाज गेला" म्हणून रिमोटकडे बोट दाखवलं. बाईंनी 'हत्ती निघाला' एवढं म्हटलं आणि हात पुढे केले. मुलांनी उचललं. मुलांची चाल टीव्हीपेक्षा संथ होती, खूपच संथ, कारण आता प्रत्येक शब्द तोंडातून काढायचा होता. पडद्यावरचा हत्ती पुढे निघून गेला. तळ्यात उतरला, सोंडेने पाणी उडवलं, झूल वाळत टाकली, डोंगराआड गेला, आणि पडदा निळा झाला. इकडे तेवीस मुलं अजून पाण्यातच होती. पुढच्या रांगेतली ती मुलगी सोंड वर करून पाणी उडवत होती, आणि शेजारच्याला जोरात सांगत होती, "थांब की, अजून कान धुवायचेत."